शहराची कोणती लोकसंख्या मोजावी? : डोंबिवली, कल्याण व उल्हासनगर यांचा तौलनिक विचार

एखादे शहर किती मोठे आहे, असे विचारले असता बहुधा जनगणनेतील आकडा उत्तरादाखल सांगितला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या १२,४७,३२७ होती आणि लगतच्या उल्हासनगर महानगरपालिकेची ५,०६,०९८. यावरून पहिले नगर दुसऱ्याच्या सुमारे अडीच पट मोठे ठरते, आणि एका अर्थाने ते खरेही आहे. परंतु कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता या नगरांच्या रस्त्यांवर, दुकानांत व कारखान्यांत प्रत्यक्ष किती माणसे असतात, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांत मिळत नाही. पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, पादचारी पूल, वाहनतळ, बाजाराचा ओटा या सोयींचा वापर मात्र त्या वेळी तेथे असलेली माणसेच करीत असतात. ती रात्री कोठे निजतात याच्याशी त्या सोयींचा संबंध नसतो. यास्तव शेजारशेजारच्या नगरांची तुलना करताना निवासी लोकसंख्येबरोबर आणखी दोन गोष्टी मोजाव्या लागतात. पहिली म्हणजे नोकरी-व्यवसायानिमित्त रोज ये-जा करणारी लोकसंख्या, आणि दुसरी म्हणजे बाजारहाटासाठी येणारी लोकसंख्या.

जनगणना काय मोजते?

भारतातील जनगणना मुख्यतः माणसाची नोंद त्याच्या राहत्या ठिकाणी करते. २०११ साली ९ ते २८ फेब्रुवारी या काळात घरोघर गणना झाली आणि १ मार्च २०११ रोजीचा मध्यरात्रीचा क्षण हा संदर्भक्षण मानण्यात आला. बेघर व्यक्तींची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री करण्यात आली. थोडक्यात, जनगणनेचा आकडा ही गावाची ‘रात्रीची लोकसंख्या’ होय. मतदारसंघांची रचना, शाळा, रेशन दुकाने, प्रसूतिगृहे अशा बाबींसाठी हाच आकडा योग्य असतो.

जनगणनेने या मर्यादेची दखल घेतलेली आहे. एकमेकांस लागून वाढलेल्या नगरांचा एकत्रित विचार करण्यासाठी १९७१ पासून ‘नागरी संकुल’ ही संकल्पना वापरली जाते. कल्याण-डोंबिवली व उल्हासनगर ही दोन्ही नगरे बृहन्मुंबई नागरी संकुलात मोडतात. २०११ साली या संकुलाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८४ लक्ष होती. परंतु संकुलाचा आकडा सर्वांची बेरीज करतो. त्यातील कोणते नगर माणसे पाठविते आणि कोणते माणसे खेचते, हे त्यावरून समजत नाही.

२०११ च्या जनगणनेत शेतीव्यतिरिक्त अन्य कामे करणाऱ्यांना घरापासून कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि प्रवासाचे साधन हे दोन प्रश्न विचारण्यात आले होते. ही माहिती अत्यंत उपयुक्त आहे. तथापि ‘किती दूर’ हे कळले तरी ‘कोणत्या गावी’ हे तीवरून कळत नाही. शिवाय शिक्षणासाठी प्रवास करणारे विद्यार्थी आणि खरेदीसाठी येणारे गिऱ्हाईक त्या प्रश्नांच्या कक्षेत येत नाहीत.

तीन शेजारी, तीन स्वभाव

मध्य रेल्वेच्या मार्गावर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४८ किलोमीटरवर डोंबिवली, ५४ किलोमीटरवर कल्याण आणि ५८ किलोमीटरवर उल्हासनगर ही स्थानके आहेत. दहा किलोमीटरच्या पट्ट्यात वसलेली ही तीन नगरे आहेत. बाहेरून येणाऱ्यास त्यांतील सीमारेषाही सहसा दिसत नाही. तरीही त्यांचा दिनक्रम एकसारखा नाही.

कल्याण हे यांतील सर्वांत जुने. उल्हास नदीच्या खाडीवरील हे प्राचीन बंदर कान्हेरीच्या शिलालेखांतून ज्ञात आहे. १ मे १८५४ रोजी रेल्वे येथे पोहोचली. पुढे येथूनच एक फाटा कसाऱ्यामार्गे नाशिककडे व दुसरा कर्जतमार्गे पुण्याकडे गेल्याने कल्याण हे मोठे जंक्शन बनले. घाटावरून येणारा माल आणि माणसे यांची गाठ येथे पडते. येथील कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात भाजीपाला, फुले, धान्य यांचे व्यवहार होतात. त्यामुळे कल्याणला दोन्ही प्रकारची लोकसंख्या लाभली आहे. मुंबईकडे जाणारे चाकरमाने येथे आहेत, आणि मुरबाड, शहापूर, भिवंडी या बाजूंनी कामकाज व बाजार यांसाठी येणारेही आहेत.

डोंबिवलीची वाढ मुख्यतः उपनगरीय गाडीच्या आधाराने झाली. मुंबईतील भाडे न परवडणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी येथे घर केले, आणि कमावत्या माणसाची नोकरी मात्र मुंबई-ठाण्यातच राहिली. १९६० नंतरच्या दशकात औद्योगिक वसाहत झाल्याने काही रोजगार गावातच निर्माण झाला. तरीही नगराचा मूळ स्वभाव ‘सकाळी जाणारे आणि संध्याकाळी परतणारे गाव’ असाच राहिला. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण व डोंबिवली यांची एक महानगरपालिका झाली. म्हणजे भिन्न स्वभावाची दोन नगरे तेव्हापासून एकाच आकड्यात सामावली गेली.

उल्हासनगरची कहाणी वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ‘कल्याण कॅम्प’ या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय करण्यात आली, आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच कॅम्पांत विभागलेल्या या नगराचे क्षेत्र अवघे तेरा चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला पस्तीस हजारांहून अधिक आहे. शेती नाही, वतन नाही, नोकरीची हमी नाही, अशा स्थितीत आलेल्या समाजाने व्यापार व लघुउद्योग यांचा आश्रय घेतला. कापड, तयार कपडे, जीन्स, फर्निचर व घरगुती वस्तू यांच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या. येथे घरातच कारखाना आणि कारखान्याखालीच दुकान, अशी रचना ठिकठिकाणी दिसते. लग्नसराईत व सणासुदीला आसपासच्या तालुक्यांतील कुटुंबे येथे खरेदीस येतात, आणि लहान गावांतील दुकानदारही आपल्या मालाची भरती येथून करतात.

यावरून एक ठोकळ चित्र उभे राहते. डोंबिवली मुख्यतः माणसे पाठविते, उल्हासनगरची बाजारपेठ माणसे खेचते, आणि कल्याण दोन्ही करते. अर्थात हे प्रधान गुण झाले. उल्हासनगरातूनही सकाळच्या गाडीने जाणारे आहेत, आणि डोंबिवलीतही स्थानकालगतचा बाजार संध्याकाळी गजबजतो.

तुलनेचे अंकगणित

येथे दोन काल्पनिक नगरांचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. पुढील आकडे केवळ हिशेब समजावून देण्यासाठी आहेत. ते वर उल्लेखिलेल्या नगरांचे नव्हेत.

समजा, ‘अ’ नगराची निवासी लोकसंख्या ६ लाख आहे. तेथून रोज दीड लाख माणसे बाहेरगावी कामास जातात व ५० हजार माणसे आत येतात. दिवसाची लोकसंख्या होईल ५ लाख. ‘ब’ नगराची निवासी लोकसंख्या ५ लाख. तेथून ६० हजार बाहेर जातात, ८० हजार कामासाठी येतात आणि ६० हजार खरेदीसाठी येतात. सरळ बेरीज-वजाबाकी केल्यास दिवसाची लोकसंख्या ५ लाख ८० हजार होते. रात्री लहान असलेले नगर दिवसा मोठे ठरते.

परंतु या हिशेबात एक दोष आहे, आणि व्यवहारात तो वारंवार आढळतो. कामासाठी आलेला माणूस साधारणपणे नऊ तास थांबतो. गिऱ्हाईक सुमारे तीन तासांत परतते. बाजार सकाळी दहा ते रात्री आठ असा दहा तास चालतो असे धरले, तर ६० हजार गिऱ्हाइकांचे १ लाख ८० हजार ‘व्यक्ती-तास’ होतात. त्यांना दहा तासांनी भागिले असता, कोणत्याही एका वेळी बाजारात सरासरी १८ हजार गिऱ्हाईकच असते. तेव्हा ‘ब’ नगराची दिवसाची खरी लोकसंख्या ५ लाख ३८ हजार एवढी धरावी लागेल. ती ‘अ’ नगरापेक्षा अधिक आहे हा निष्कर्ष टिकून राहतो, परंतु फरक ८० हजारांचा नसून ३८ हजारांचा आहे. सात-आठ तास थांबणारा आणि दोन-तीन तास थांबणारा या दोघांना एकाच मापाने मोजल्यास तुलना फसते.

दुसरी चूक फेऱ्या आणि माणसे यांतील भेद न केल्याने होते. रेल्वे वा बस यांच्या आकड्यांत एकच प्रवासी जाताना एकदा व येताना एकदा मोजला जातो. म्हणून दोन लाख फेऱ्या म्हणजे दोन लाख माणसे नव्हेत. बहुधा ती एक लाखाच्या जवळपास असतात.

तिसरी चूक बाजाराच्या प्रभावक्षेत्राबद्दल होते. ‘या बाजारावर तीन लाख लोक अवलंबून आहेत’ असे विधान केले जाते. त्यांतील प्रत्येक जण महिन्यातून दोनदा येत असेल, तर महिन्याला सहा लाख आणि दिवसाला सरासरी वीस हजार भेटी होतात. तीन लाख हा बाजाराच्या आधाराचा आकडा आहे. वीस हजार हा त्याच्या रोजच्या भाराचा. दुकाने किती तग धरतील हे पहिल्यावरून ठरते, तर स्वच्छतागृहे किती लागतील हे दुसऱ्यावरून. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात हा भार सरासरीच्या कितीतरी पट होतो, म्हणून सरासरीबरोबर कमाल गर्दीचाही आकडा नोंदवावा लागतो.

आकडा चुकला तर काय होते?

हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजारांपर्यंत उतरली. केवळ हा आकडा पाहणाऱ्यास तेथील सोयींवरचा ताण कमी झाला असे वाटेल. प्रत्यक्षात परळ-लोअर परळ भागातील कापड गिरण्यांच्या जमिनींवर याच सुमारास कार्यालये व व्यापारी संकुले उभी राहत होती आणि सकाळच्या गाड्यांतून तेथे उतरणाऱ्यांची संख्या वाढत होती. गिरणी कामगार बहुतांशी गिरणीच्या आसपासच्या चाळींत राहत असे व पायी कामावर जात असे. नव्या कार्यालयांतील कर्मचारी मात्र डोंबिवली, कल्याण, विरार, पनवेल अशा दूरच्या गावांहून गाडीने येऊ लागला. वस्ती घटली, वर्दळ वाढली, आणि स्थानकांना जोडणारा अरुंद पादचारी पूल तसाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. दुर्घटनेची तात्कालिक कारणे काहीही असोत, पुलाची रुंदी तेथे राहणाऱ्यांच्या नव्हे, तेथून जाणाऱ्यांच्या संख्येवर ठरावयास हवी, हा धडा त्यातून मिळतो.

पाण्याचेही तसेच आहे. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरले जाते. कार्यालये व दिवसाच्या शाळा यांसाठी दरडोई ४५ लिटर धरतात. वरील ‘ब’ नगरात कामासाठी येणाऱ्या ८० हजार माणसांना या हिशेबाने रोज ३६ लाख लिटर पाणी अधिक लागेल. मग ‘अ’ नगरातून माणसे बाहेर गेल्याने तेथील गरज तेवढीच घटेल काय? तसे होत नाही. सकाळची साडेसहाची गाडी गाठणारा माणूस स्नान, कपडे, स्वयंपाक हे सर्व घरीच उरकून निघतो. त्याच्या गावी पाण्याची एकूण गरज फारशी कमी होत नाही. ती पहाटेच्या दोन तासांत एकवटते. म्हणजे रोज प्रवास करणारा माणूस पाण्याच्या हिशेबात दोन्ही गावी धरावा लागतो, आणि त्याच्या गावी पाणी सोडण्याची वेळ ही पाण्याच्या प्रमाणाइतकीच महत्त्वाची ठरते.

फेरीवाल्यांच्या बाबतीत २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रभाग, विभाग अथवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के हे प्रमाण सांगितले आहे. स्थानकालगतच्या व्यापारी प्रभागात निवासी लोकसंख्या २० हजार असेल, तर या प्रमाणाने तेथे ५०० विक्रेत्यांना वाव मिळतो. ४० हजार वस्तीच्या, परंतु वर्दळ नसलेल्या प्रभागात तो एक हजारांना मिळतो. गिऱ्हाईक मात्र पहिल्या ठिकाणी असते. अशा वेळी विक्रेते गिऱ्हाइकाच्या मागे जातात आणि पदपथ अडतो. वर्दळीची मोजणी हाती असल्यास शहर हे एकक धरून जागांची वाटणी अधिक समंजसपणे करता येते.

कराचा पैसा आणि माणसांचा भार

सोयींचा खर्च कोणी सोसावा, हा यातील सर्वांत नाजूक प्रश्न होय. जकातीच्या काळात बाजारपेठेच्या नगरात येणाऱ्या प्रत्येक मालावर कर बसे. बाहेरगावचे गिऱ्हाईक जो माल विकत घेई, त्यावरील जकातीच्या रूपाने त्याचा थोडा वाटा नगराच्या तिजोरीत पडे. जकातीत दोष अनेक होते. नाक्यांवरील खोळंबा सर्वांना ठाऊक आहे. परंतु बाजाराची उलाढाल वाढली की पालिकेचे उत्पन्न वाढे, एवढा संबंध तीत होता. पुढे जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महानगरपालिकांना राज्य शासनाकडून नुकसानभरपाई मिळू लागली. ही भरपाई मागील उत्पन्नाच्या पायावर ठरते. या वर्षी बाजारात किती माणसे आली यावर ती अवलंबून नसते.

केंद्रीय अनुदानांचा मुख्य आधारही निवासी लोकसंख्याच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांसाठीच्या अनुदानाची राज्याराज्यांत वाटणी करताना लोकसंख्येस ९० टक्के व क्षेत्रफळास १० टक्के भार दिला होता. दूर कामास जाणाऱ्या लोकांचे गाव या पद्धतीत आपल्या रहिवाशांचा वाटा मिळविते, आणि ते न्याय्यही आहे. परंतु क्षेत्र लहान व बाजार मोठा अशा नगरास येणाऱ्या माणसांचा कचरा उचलण्याचा खर्च स्वतःच्या मालमत्ता कराच्या उत्पन्नातून भागवावा लागतो. उलट, केवळ राहण्याच्या गावात व्यापारी मालमत्ता कमी असल्याने तेथील कराचा भार घरांवरच येतो. दोघांच्याही तक्रारीत तथ्य आहे. मोजणी नसेल तर मात्र दोन्ही तक्रारी केवळ भावनेच्या पातळीवर राहतात.

मोजणी कशी करावी?

या मोजणीसाठी फार खर्चिक साधने लागत नाहीत. पहिली पद्धत म्हणजे सीमेवरील गणना. स्थानकाचे जिने, एस. टी. स्थानक आणि गावात येणारे प्रमुख रस्ते यांवर सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत दर पंधरा मिनिटांनी आत येणारे व बाहेर जाणारे वेगवेगळे मोजावेत. ही गणना कामाचा एक दिवस, सुटीचा एक दिवस व सणाआधीचा एक दिवस अशी निदान तीन वेळा व्हावी. दुसरी पद्धत रेल्वेच्या मासिक व त्रैमासिक पासांची. पासावर कोठून कोठे हे लिहिलेले असल्याने रोजच्या प्रवाशांची दिशा त्यातून कळते. तिसरी पद्धत बाजारातील विचारणा. दर दहाव्या वा विसाव्या गिऱ्हाइकास चार प्रश्न पुरेसे होतात : आपण कोठून आलात, कोणत्या वाहनाने आलात, किती वेळ थांबणार, महिन्यातून किती वेळा येता.

तुलना करताना तीन नियम पाळावेत. दोन्ही नगरांत एकाच दिवशी व एकाच पद्धतीने मोजणी करावी. कामासाठी येणारे व बाजारासाठी येणारे यांची बेरीज करण्यापूर्वी दोहोंचे व्यक्ती-तासांत रूपांतर करावे. आणि जो मुंबईहून परतताना स्थानकाजवळ भाजी घेतो, तो त्याच गावचा रहिवासी असल्यास त्यास बाहेरचे गिऱ्हाईक म्हणून धरू नये.

ग्रामपंचायतींसाठी व शाळांसाठी

हा विषय महानगरांपुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. दोन हजार वस्तीच्या गावी आठवडे बाजाराच्या दिवशी दहा-बारा गावांची माणसे जमतात, तेव्हा ते गावही एका दिवसापुरते मोठे नगर होते. बाजारावर व आठवडे बाजारावर फी बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतींना कायद्याने दिलेला आहे. किती विक्रेते बसले, किती गावांहून माणसे आली, पिण्याच्या पाण्याचा किती वापर झाला, बाजार उठल्यावर किती गाड्या कचरा निघाला, एवढी नोंद वर्षभर ठेवली तर फी किती असावी, ओटे किती बांधावेत, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह कोठे हवे, हे ग्रामसभेत पुराव्यानिशी मांडता येते. शेजारच्या दोन पंचायतींनी बाजाराचे वार ठरविताना अशा नोंदींची देवाणघेवाण केली, तर एकमेकांचा बाजार मोडण्याचा प्रसंग टळतो.

शिक्षकांनाही यात मोठा वाव आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या बसथांब्यावर एक सकाळ मोजणी केली, तर सरासरी, कमाल मर्यादा, शेकडेवारी व आलेख हे सर्व घटक जिवंत होतात. आपल्या घरातील कोण कोठे कामाला जातो व बाजार कोठे करतो, याचा नकाशा मुलांनी काढला की तालुक्याची प्रशासकीय सीमा आणि लोकांच्या व्यवहाराची सीमा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना आपोआप समजते.

पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक, हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ असा अधिसूचित झालेला आहे. तब्बल सोळा वर्षांनी प्रत्येक गावाचा व नगराचा निवासी आकडा नव्याने हाती येईल. त्या आकड्याशेजारी दिवसाच्या लोकसंख्येचा आकडा मांडावयाचा असेल, तर त्याची तयारी स्थानिक संस्थांनाच करावी लागेल. ज्या नगरपालिका व ग्रामपंचायती त्या सुमारास आपली ये-जा करणारी व बाजारासाठी येणारी लोकसंख्या मोजून ठेवतील, त्यांना जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होताच आपल्या गावाची रात्र आणि दिवस दोन्ही एकाच तक्त्यात पाहता येतील, आणि पाणी, पूल व बाजार यांची आखणी त्यावरून करता येईल.